डॉक्टर रखमाबाई

राजगडाच्या पायथ्याशी आमचे गुंजवणे. माझी आई अजून दुखणे अंगावर काढते. पुरुष डॉक्टरपुढे तिचे तोंड उघडत नाही. म्हणून मला रखमाबाई आठवतात.

त्यांचा जन्म १८६४ साली मुंबईत झाला. अकराव्या वर्षी लग्न झाले. मोठेपणी त्यांनी नांदायला जाण्यास नकार दिला. १८८७ साली कोर्टाने नवऱ्याचे घर की तुरुंग, असे विचारले तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करला. १८८८ मध्ये तडजोड झाली. पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. १८९५ पासून सुरतेस व नंतर राजकोटला स्त्रियांचे दवाखाने त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ चालवले. १९५५ साली त्या वारल्या.

खटला सर्वांना ठाऊक आहे. मला मात्र आईसारख्यांसाठी त्यांनी उघडे ठेवलेले दार मोठे वाटते.