एरिक लिडेल आणि रविवारची शर्यत

दोन कर्तव्ये एकाच तारखेस समोर येऊन उभी राहिली म्हणजे माणसाची खरी परीक्षा होते. क्रीडासामन्यांचा दिवस आणि परीक्षेचा दिवस एकच निघाला की आपले विद्यार्थी गोंधळून जातात, वेळापत्रक आखणाऱ्यास बोल लावतात आणि पुष्कळदा दोहोंपैकी एकही काम मनापासून करीत नाहीत. आईबापांसही काय सल्ला द्यावा हे सुचत नाही. अशा प्रसंगी ज्यांच्या चरित्राकडे पाहावे, असे एक पुरुष स्कॉटलंडमध्ये होऊन गेले. त्यांचे नाव एरिक हेन्री लिडेल.

लिडेल यांचा जन्म १६ जानेवारी १९०२ रोजी उत्तर चीनमधील तिएनत्सिन शहरी झाला. त्यांचे वडील लंडन मिशनरी सोसायटीतर्फे तेथे सेवा करीत असत. मिशनऱ्यांच्या मुलांसाठी इंग्लंडात एक शाळा होती. तेथे एरिक व त्यांचे वडील बंधू रॉब यांस लहानपणीच ठेवण्यात आले. आईबाप समुद्रापलीकडे आणि मुले वसतिगृहात, अशी ती वर्षे गेली. १९२० साली एरिक एडिंबरो विश्वविद्यालयात शास्त्रविषय घेऊन दाखल झाले.

कॉलेजात त्यांच्या पायांचा गुण लवकरच प्रगट झाला. १९२२ व १९२३ या दोन सालांत ते रग्बीच्या खेळात स्कॉटलंडच्या बाजूने सात वेळा खेळले. परंतु अभ्यास, रग्बी आणि धावणे या तिहींस पुरेल इतका वेळ कोणाही विद्यार्थ्यापाशी नसतो. लिडेल यांनी ही गोष्ट ओळखली व कीर्ती ऐन भरात असताना रग्बी सोडून दिली. जुलै १९२३ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी १०० यार्डांची शर्यत ९.७ सेकंदांत जिंकली. त्याच महिन्यात स्टोक येथे ४४० यार्डांच्या शर्यतीत धक्का लागून ते आरंभीच पडले. इतर धावणारे सुमारे वीस यार्ड पुढे निघून गेले. तरीही ते उठले, धावले आणि पहिले आले.

पुढील वर्षी पॅरिस येथे ऑलिंपिक सामने भरावयाचे होते. १०० मीटरच्या शर्यतीत लिडेल यांच्याकडे सर्वांचे डोळे लागले होते. कार्यक्रम प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या शर्यतीच्या प्राथमिक फेऱ्या ६ जुलै रोजी, म्हणजे रविवारी, ठेवल्याचे कळले. रविवार हा प्रभूचा दिवस. त्या दिवशी खेळावयाचे नाही, हा त्यांचा बाळपणापासूनचा नेम होता. त्यांनी त्या शर्यतीतून आपले नाव काढून घेतले. दोन सांघिक शर्यतींचे शेवटचे सामने पुढच्या रविवारी होते. त्यांतही त्यांनी भाग घेतला नाही. क्रीडाधिकाऱ्यांस वाईट वाटले. देशाभिमान सोडला, असाही ठपका कित्येकांनी ठेवला. लिडेल यांनी मात्र आपल्या निश्चयाचा बोभाटा केला नाही.

हा निर्णय शेवटच्या क्षणी झाला, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती बरोबर नाही. तारखा कित्येक महिने आधी ठाऊक होत्या. ज्या शर्यतीत यशाची खात्री होती ती गेली. आता हाती काय उरले, याचा त्यांनी विचार केला. २०० व ४०० मीटरच्या शर्यती आठवड्यातील इतर दिवशी होत्या. ४०० मीटर हे अंतर त्यांच्या विशेष सरावाचे नव्हते. तरी त्यांनी आपले शिक्षक टॉम मॅकर्चर यांच्या देखरेखीखाली त्याचीच तयारी आरंभिली. नुसते नाही म्हणणे सोपे असते. नाही म्हटल्यावर उरलेले काम दुप्पट कसोशीने करणे कठीण असते.

१०० मीटरचे सुवर्णपदक त्यांचे सोबती हॅरल्ड अब्राहम्स यांस मिळाले. २०० मीटरमध्ये लिडेल तिसरे आले. ४०० मीटरची अंतिम शर्यत ११ जुलै, शुक्रवारी होती. त्यांच्या वाट्यास अगदी बाहेरची वाट आली होती, त्यामुळे मागच्यांची चाल त्यांस दिसणे शक्य नव्हते. मान मागे टाकून, हात वेडेवाकडे हालवीत ते आरंभापासूनच अशा वेगाने सुटले की शेवटी ते दमून मागे पडतील असे जाणत्यांस वाटले. परंतु ते ४७.६ सेकंदांत पहिले आले. दुसऱ्या क्रमांकाचे अमेरिकन खेळाडू फिच यांस ४८.४ सेकंद लागले.

सहाच दिवसांनी, १७ जुलै रोजी, एडिंबरोस पदवीदान समारंभ झाला. तेथे बी. एस्सी. पदवीबरोबर त्यांच्या मस्तकी रानऑलिव्हच्या डहाळ्यांचा मुकुट ठेवण्यात आला आणि विद्यार्थ्यांनी त्यांस खांद्यांवर घेऊन मिरविले. धावपट्टी आणि पुस्तक या दोहोंची फळे एकाच आठवड्यात हाती आली होती.

आता कीर्ती, धन, मान सर्व काही समोर होते. लिडेल यांनी १९२५ साली चीनची वाट धरली व तिएनत्सिन येथील मिशन कॉलेजात ते शास्त्रविषय शिकवू लागले. १९२८ साली ॲम्स्टरडॅम येथे पुन्हा ऑलिंपिक सामने भरले, त्या वर्षी ते चीनमधील आपल्या विद्यार्थ्यांतच होते. १९३२ मध्ये त्यांस धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. १९३४ मध्ये फ्लॉरेन्स मॅकेंझी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे जपानच्या स्वारीने देश होरपळत असता ते श्याओचांगच्या खेड्यांतून सेवा करीत फिरले. १९४१ साली त्यांनी पत्नी व दोन मुलींस कॅनडात सुरक्षित स्थळी पाठविले. तिसरी कन्या तेथे जन्मली; तिचे मुख पाहण्याचे सुख त्यांस लाभले नाही.

१९४३ मध्ये जपान्यांनी त्यांस वेइश्येन येथील छावणीत बंदीत ठेवले. तेथे आईबापांपासून तुटलेली पुष्कळ मुले होती. लिडेल त्यांस शिकवीत, खेळवीत, त्यांची मोडकी हॉकीची साधने नीट करून देत. रविवारी मात्र खेळ बंद असे. कंटाळलेल्या मुलांनी एका रविवारी आपल्याच मनाने हॉकी मांडली. पंच नसल्यामुळे खेळाचे भांडण झाले व मारामारीवर आले. त्यानंतरच्या रविवारी मुले मैदानावर उतरली, तेव्हा पंच म्हणून स्वतः लिडेल उभे होते!

पॅरिसमध्ये ज्यांनी सुवर्णपदकासाठी रविवार दिला नाही, त्यांनी तो भांडणाऱ्या मुलांसाठी दिला. नेम मोडला काय? मला तसे वाटत नाही. पॅरिसात रविवारी धावते तर मान त्यांचा स्वतःचा होता. छावणीत लाभ दुसऱ्याचा होता. दोन्ही ठिकाणी त्यांनी सोडले ते आपले स्वतःचेच. शब्बाथ मनुष्यासाठी केला आहे, ही प्रभूची शिकवण त्यांनी आचरून दाखविली.

मेंदूतील गाठीच्या विकाराने २१ फेब्रुवारी १९४५ रोजी, वयाच्या ४३ व्या वर्षी, त्याच छावणीत त्यांचे देहावसान झाले. सुटकेचा दिवस अवघ्या सहा महिन्यांवर होता.

बाळांनो, दोन तारखा पुन्हा एकत्र येतील. तेव्हा आपणांस अधिक मान कोठे मिळेल, हे प्रथम विचारू नका. आपले देणे कोणाचे आहे, हे विचारा. मग जे सोडाल ते कुरकुर न करता सोडा आणि जे धराल ते सर्व बळाने धरा.