मजुराच्या सुटीचा आद्य पुरस्कर्ता

दुकानांत वा कारखान्यांत नोकरांसाठीं टांगलेला नियमांचा तक्ता आमचे वाचक नित्य पाहतात. पगाराची तारीख, दुपारची विश्रांति आणि आठवड्याची सुटी हीं त्यांतील कलमें आतां इतकीं ओळखीचीं झालीं आहेत कीं, त्यांसाठीं कोणास आयुष्य वेंचावें लागलें असेल हें ध्यानांतहि येत नाहीं. म्हणून रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहोंत.

लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा. रेल्वे व टपाल या खात्यांत नोकरी केल्यावर ते मुंबईंत मांडवीच्या एका कापडगिरणींत कोठारावर कामास राहिले. जोतीराव फुले यांचे ते अनुयायी. १८८० सालीं त्यांनीं ‘दीनबंधु’ पत्र हातीं घेतलें. त्या काळीं गिरणीचें काम सूर्योदयास सुरू होऊन सूर्यास्तास संपे. उन्हाळ्यांत दिवस लांबला कीं मजुराचे कष्टहि लांबत. १८८१ च्या कायद्यानें मुलांच्या कामास नऊ तासांची मर्यादा घातली. प्रौढ मजुराच्या तासांविषयीं मात्र तो मूक राहिला.

१८८४ सालीं लोखंडे यांनीं मजुरांच्या सभा भरविल्या आणि सुमारें ५,५०० सह्यांचा अर्ज सिद्ध केला. दर रविवारीं सुटी, दुपारीं अर्धा तास विश्रांति, सकाळीं साडेसहा ते सूर्यास्त एवढेंच काम, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आंत, आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन, या त्यांतील मुख्य मागण्या. यांत अवास्तव तें काय होतें? हुंडीची मुदत टळली कीं व्यापारी अस्वस्थ होतो. मग ज्याचें धान्य उधारीवर येतें त्या मजुरास पगाराची तारीख किती मोलाची असेल, याचा विचार सुज्ञांनीं करावा.

तथापि सहा वर्षें वाट पाहावी लागली. २४ एप्रिल १८९० रोजीं मुंबईंत सुमारें दहा हजार मजूर सभेस जमले. दोन स्त्रियांनींहि तेथें भाषणें केलीं. १० जून रोजीं गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुटी मान्य केली. पुढें १८९१ च्या कायद्यांत साप्ताहिक सुटी व दुपारची अर्ध्या तासाची विश्रांति यांचा समावेश झाला, आणि स्त्रियांच्या कामास अकरा तासांची मर्यादा पडली. प्रौढ पुरुषाचे तास मात्र १९११ पर्यंत मोकळेच राहिले.

१८९३ च्या हिंदुमुसलमान दंग्यानंतर सलोख्यासाठीं लोखंडे झटले. मुंबईंत प्लेगचा कहर चालूं असतां त्याच रोगानें ९ फेब्रुवारी १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला.

आतां दोन शब्द आमच्या व्यापारी बंधूंस. नियम भिंतीवर आणि नोकर जेवणाच्या वेळींहि गल्ल्यावर, असा देखावा आम्हीं अनेक ठिकाणीं पाहिला आहे. एक गिऱ्हाईक थांबलें तर फारसें बिघडत नाहीं. अर्धपोटीं राबणाऱ्या माणसाचें मन मात्र कामावरून उडतें. लोखंडे यांस हार घालण्यास खर्च थोडा लागतो. त्यांनीं मागितलेला तो अर्धा तास आपल्या दुकानांत खरोखर दिला जातो कीं नाहीं, हें प्रत्येक मालकानें उद्यां दुपारीं स्वतः पाहावें, एवढीच आमची विनंति आहे.