ताराबाई मोडक : पुस्तकाआधीची शाळा

प्राथमिक शाळेतील वाचनाचा विचार आपण बहुधा पुस्तकांच्या कपाटापासून सुरू करतो. ताराबाई मोडक यांचे चरित्र आपणांस त्याच्याही आधीच्या प्रश्नाकडे नेते. जे मूल शाळेत येतच नाही, त्याच्या हाती पुस्तक पोहोचावे कसे? आपल्यापैकी जे वेवजी, तलासरी वा डहाणू परिसरात राहतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे, की या प्रश्नाचे उत्तर याच भागातील पाड्यांवर शोधले गेले.

ताराबाईंचा जन्म १८९२ मध्ये मुंबईत, प्रार्थना समाजाशी निगडित अशा केळकर कुटुंबात झाला. १९१४ मध्ये त्या बी.ए. झाल्या. विवाह, अमरावतीतील वास्तव्य आणि पतीपासून विभक्त होणे, यांचा येथे केवळ निर्देश पुरेसा आहे. राजकोट येथील अध्यापिका विद्यालयाचे प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात रुजू झाल्या. मानाचे पद सोडून लहान मुलांत जाऊन बसणे त्या काळी अनेकांना खुळेपणाचे वाटले असल्यास नवल नाही. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली.

१९४५ मध्ये ताराबाईंनी अनुताई वाघ यांच्या साथीने बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. आदिवासी व दलित वस्त्यांतील मुले केंद्रात येईनात. तेव्हा शिक्षिकाच वस्तीत गेल्या आणि तेथील अंगणात शाळा भरू लागली. ‘अंगणवाडी’ हा शब्द या अनुभवातून आला. (‘वाडी’ म्हणजे बाग आणि वस्तीही; दोन्ही अर्थ येथे शोभतात.) माँटेसरी पद्धतीतील महागड्या साधनांची जागा खडे, बिया, पाने आणि शिंपले यांनी घेतली. अक्षरओळखीपूर्वी मुलाचे हात, डोळे आणि कान तयार व्हावेत, हे त्यामागील सूत्र होते.

१९५७ च्या सुमारास हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुलांना गुरे राखावी लागत, मुलींना धाकट्या भावंडांना सांभाळावे लागे. म्हणून एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा आली आणि गुराख्यांसाठी कुरणातच ‘कुरणशाळा’ भरली. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने मला येथे एक गोष्ट मोलाची वाटते. वारली बोलणाऱ्या मुलास प्रमाण मराठीतील पाठ्यपुस्तक अर्धे परकेच असते. गाणी, गोष्टी आणि मोकळे बोलणे यांवाचून ते अंतर ओलांडले जात नाही. गिजुभाई आणि ताराबाई यांच्या बालशिक्षणात गोष्टींना व गाण्यांना एवढे स्थान का होते, हे यावरून कळते.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. अनुताईंनी पुढेही, १९९२ मधील आपल्या मृत्यूपर्यंत, कोसबाड सोडले नाही. दरम्यान २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या गावोगावच्या केंद्रांसाठी ‘अंगणवाडी’ हाच शब्द स्वीकारला गेला. मराठी न जाणणाऱ्या राज्यांतही आज माता आपल्या मुलांना अंगणवाडीतच पाठवतात.