रक्ताचे चार गट मांडणारे डॉ. यान्स्की, श्रेय मिळालं, पण उशिरा

गोंदिया : देवरी-सालेकसाकडच्या एखाद्या बाळंतिणीला जास्त रक्तस्राव झाला, की रक्त चढवण्याआधी तिचा रक्तगट तपासतात. सिकलसेलच्या रुग्णालाही गट जुळवल्याशिवाय रक्त देता येत नाही. ए, बी, एबी, ओ ही नावं आज शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. पण हे चारही गट एकत्र मांडणारे डॉ. यान यान्स्की आपल्याकडे फारसे कुणाला माहीत नाहीत.

यान्स्की यांचा जन्म ३ एप्रिल १८७३ रोजी प्राग शहराजवळच्या स्मिखोव्ह इथं झाला. हा भाग आज चेक प्रजासत्ताकात आहे. प्रागमध्येच ते डॉक्टर झाले आणि १८९९ पासून तिथल्या मनोरुग्णालयात काम करू लागले.

त्या काळी रक्त चढवणं म्हणजे जुगारच होता. कधी रोगी वाचायचा, कधी दगावायचा. १९०१ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी माणसांच्या रक्ताचे तीन गट दाखवले. पुढच्याच वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांना चौथ्या प्रकारचं रक्तही आढळलं, पण त्याला वेगळा गट म्हणून जागा मिळाली नाही.

यान्स्की मात्र रक्तगट शोधायला निघालेच नव्हते. मानसिक आजाराचा रक्ताशी काही संबंध आहे का, हे त्यांना पाहायचं होतं. त्यांनी ३,१६० मनोरुग्णांचं रक्त तपासलं. संबंध काही सापडला नाही. पण सगळ्यांचं रक्त चारच गटांत बसतं, हे स्पष्ट झालं. १९०७ मध्ये त्यांनी ते चेक भाषेत छापलं आणि गटांना १ ते ४ क्रमांक दिले.

लहान भाषेतला तो लेख बाहेर फारसा कुणी वाचला नाही. १९१० मध्ये अमेरिकेच्या विल्यम मॉस यांनीही चार गट मांडले, पण क्रमांक उलटे. यान्स्कींचा १ क्रमांक म्हणजे आजचा ओ, तर मॉस यांचा १ क्रमांक म्हणजे एबी. हा घोळ रोग्याच्या जिवावर बेतणारा होता.

पहिल्या महायुद्धात यान्स्की आघाडीवर डॉक्टर म्हणून गेले. दोन वर्षांनी हृदयविकारानं त्यांना परतावं लागलं. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय समितीनं आधीचा शोध यान्स्कींचाच, असं मान्य केलं. त्याच वर्षी ८ सप्टेंबरला, अवघ्या ४८ व्या वर्षी, ते वारले. १९३० मध्ये रक्तगटांच्या शोधाचं नोबेल लँडस्टायनर यांना मिळालं.

हा शोध पुढे आपल्या महाराष्ट्रातही वाढला. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'बॉम्बे' नावाचा दुर्मीळ रक्तगट शोधला. साध्या तपासणीत तो ओ वाटतो, पण अशा माणसाला ओ गटाचं रक्तही चालत नाही. म्हणूनच गट माहीत असला, तरी रक्तपेढीत दात्याचं आणि रोग्याचं रक्त जुळवून पाहतात.

चेक देशात आज नियमित रक्तदात्यांना यान्स्कींच्या नावाचं पदक देतात. १० वेळा रक्त दिलं की कांस्य, २० वेळा रौप्य आणि ४० वेळा सुवर्ण.

आपल्याकडे १८ वर्षांवरील, किमान ४५ किलो वजनाची निरोगी व्यक्ती रक्त देऊ शकते. पुरुषांना दर तीन महिन्यांनी, महिलांना दर चार महिन्यांनी रक्तदान करता येतं. गावात शिबिर लागलं, तर आपला गटही तिथंच कळतो.