कोरान्नाच्या संसारातले वासरू

घरात पैसा नाही, मग लेकराला सुख कोठून द्यावे, हे गाऱ्हाणे आमच्या कानी वरचेवर येते. कीर्तन आटोपले की बुक्का लावून घेता घेता एखादा बाप हे बोलतो, पाया पडताना एखादी माउली हेच बोलते. अशांना आम्ही शिऊरच्या संत बहिणाबाईंचे बाळपण सांगतो. त्या घरात उद्याच्या भाकरीची शाश्वती नव्हती, तरी लेकरू सुखी होते. आणि त्या सुखावर घाला पडला तो दारिद्र्याकडून पडला नाही. तो कोठून पडला, हेच या चरित्रात पाहण्यासारखे आहे.

बहिणाबाईंना आपली मंडळी ओळखतात ती वारकरी पंथाला देवालयाची उपमा देणाऱ्या त्यांच्या अभंगावरून. खानदेशच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी त्या वेगळ्या, त्यांचा काळ फार अलीकडचा. या बहिणाबाई तुकोबारायांच्या शिष्या. आपले चरित्र त्यांनी आपल्याच अभंगांतून सांगून ठेवले आहे, म्हणून सांगणाऱ्याला पदरचे काही घालावे लागत नाही.

वेरूळजवळचे देवगाव हे त्यांचे जन्मगाव. जन्म १६२८ सालचा. वडील आऊजी कुलकर्णी, मातोश्री जानकी. पुष्कळ नवससायासांनी झालेली ही पहिली लेक. तिच्या पायगुणाने घरात बरकत आली असे लोक म्हणत. बरोबरीच्या मुली खेळत, आणि ही खेळता खेळता देवाचे नाव घेई. त्या काळच्या रीतीप्रमाणे तिसऱ्या वर्षी लग्न झाले. वर गंगाधर पाठक, तीस वर्षांचे बिजवर. मोठे विद्वान, वेदपाठी. पुढे इतके सोसूनही बहिणाबाईंनी त्यांना नररत्नच म्हटले आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

मुलगी नऊ वर्षांची झाली आणि भाऊबंदकीच्या तंट्याने कुलकर्ण्यांच्या घरावर संकट आले. गाव सोडावे लागले. वतनदाराचे घर एका दिवसात वाटसरू झाले! आईबाप, जावई, मुलगी, सगळे गोदाकाठाने यात्रेकरूंच्या संगतीने निघाले. पोटाला काय? तर कोरान्न. आजच्या मुलांना हा शब्द ठाऊक नसेल. कोरान्न म्हणजे कोरड्या धान्याची भिक्षा. दारोदार पसा-पसा गोळा करायचे, निवडायचे, दळायचे आणि मग चूल पेटवायची. ज्या हातांनी कालपर्यंत दुसऱ्याच्या झोळीत घातले, त्याच हातांनी आता झोळी पुढे करायची. मोठ्या माणसांच्या मनाचे काय झाले असेल ते देव जाणे.

पण लेकराचे मन निराळे असते, मंडळी. बापाचे वतन गेले हे त्याला कळत नाही. त्याला कळते ते एवढेच, की आई जवळ आहे, बाप बरोबर चालतो आहे आणि रोज नवा गाव दिसतो आहे. या वाटेवरच बहिणेला पंढरी घडली. पाच दिवस तेथे मुक्काम झाला. चंद्रभागेचे स्नान, महाद्वाराचे दर्शन, वाळवंटातले भजन, या सगळ्याला काय मोल पडले? एक कवडी नाही. वारीला कडेवर पोर घेऊन येणाऱ्या आमच्या मायबहिणींना हे समजावून सांगायला नको. वाळवंटात पोराने टाळ हाती धरला की त्याला दुसरे खेळणे लागत नाही.

पंढरीहून शिखर शिंगणापूर, तेथून रहिमतपूर. रहिमतपूरचा उपाध्याय काशीयात्रेस गेलेला, म्हणून त्याचे काम काही काळ गंगाधरपंतांकडे आले आणि घराला थोडी उसंत मिळाली. तो माघारी आला तेव्हा पुन्हा बिऱ्हाड उचलले. कोल्हापुरास पोचले तेव्हा बहिणा अकरा वर्षांची होती. बहिरंभट नावाच्या विद्वान ब्राह्मणाने आपल्या घरी आसरा दिला. जागा परक्याची, अन्न भिक्षेचे. पण कोल्हापुरात भागवत चाले, पुराणे चालत, कीर्तने होत. दारिद्र्याने ज्यांना दुसरे काही परवडत नव्हते त्यांना हे सारे फुकट होते. सगळे घर मिळून ऐकायला जाई.

अशात या घराला एक गाय मिळाली. बहिरंभटांना ती दानात आलेली. स्वप्नात दृष्टान्त झाला म्हणून त्यांनी ती गंगाधरपंतांना दिली, असे बहिणाबाई सांगतात. गाईला वासरू झाले आणि ते वासरू या मुलीच्या मागे लागले. तिच्याच हातचा चारा खाईल, तिच्याच हातचे पाणी पिईल. ती पाण्याला निघाली की हे मागे. ती पुराणाला बसली की हे शेजारी. ती दिसली नाही की हंबरडा. पोरके गाव, परके घर, वयाने थोरला नवरा, आणि त्या सगळ्यात हे एक जीव लावणारे जनावर. ज्या मुलीपाशी दुसऱ्या लुगड्याची चैन नव्हती, तिच्यापाशी हे एवढे धन होते.

आम्ही कीर्तनात हा प्रसंग लावतो तेव्हा श्रोत्यांतली लहान मुले पुढे सरकून बसतात. वासराचे नाव काय, ते कोणत्या रंगाचे, असे मध्येच विचारतातही. शास्त्री मंडळी त्या वासराच्या पूर्वजन्मीच्या योगसाधनेचा विचार करतात, आणि तो संप्रदायाला मान्यच आहे. पण पोरांना त्याची गरज पडत नाही. वासरू आणि मुलगी, एवढ्यातच त्यांना सगळे कळते.

त्या वेळी जयरामस्वामी वडगावकर कोल्हापुरास आले. त्यांच्या कीर्तनाला ही मुलगी गेली, वासरूही गेले. दाटी फार झाली म्हणून लोकांनी वासराला बाहेर काढले. ते बाहेर ओरडू लागले, ही आत रडू लागली. स्वामींना कळताच त्यांनी वासराला आत आणविले आणि दोघांच्या मस्तकावरून हात फिरवला. एवढेच घडले. पण गावात बोलणे झाले, आणि ते गंगाधरपंतांच्या कानी गेले.

येथे घात झाला. भिक्षा मागताना ज्या मनुष्याने हूं की चूं केले नाही, त्याला बायकोचा हा लौकिक सोसला नाही. आपण वेदपाठी, आणि साधू मान देतो तो या पोरीला! त्यांनी तिला केसांना धरून ओढले, मारले, बांधून टाकले. तिकडे गोठ्यात गाईने आणि वासराने चारापाणी सोडले. दोघी-तिघे जीव एकाच वेळी उपाशी. वासरू त्यातून उठले नाही. त्याला पुरल्यावर बहिणा बेशुद्ध पडली ती कित्येक दिवस शुद्धीवर आली नाही. त्याच अवस्थेत तिला पांडुरंगाचे आणि तुकोबारायांचे दर्शन झाले, आणि तुकोबांनी स्वप्नात अनुग्रह दिला.

श्रोतेहो, येथे थांबून विचार करावा. कोरान्नाने या घराचे सुख नेले नाही. परक्याच्या आसऱ्याने नेले नाही. नेले ते घरातल्या थोराच्या अहंकाराने. उपाशी लेकरू आईच्या मांडीवर झोपी जाते, पण घरात धाक शिरला की भरल्या पोटीही त्याचा डोळा लागत नाही.

गंगाधरपंतांचा राग आणखी वाढला. तुकोबा शूद्र, त्यांचा अनुग्रह बायकोने मानावा हे त्यांना अपमानाचे वाटले. तिला टाकून तीर्थास निघून जावे असे त्यांनी ठरविले, आणि ती तेव्हा गरोदर होती. पण निघण्याच्या वेळी दुखण्याने गाठले. महिनाभर अंथरूण सुटले नाही. जिला टाकायचे तीच उशाशी बसून सेवा करीत राहिली. एका ब्राह्मणाच्या बोलण्याने त्यांचे डोळे उघडले, अभिमान गळाला. बरे झाल्यावर तेच गंगाधरपंत बायकोला आणि गाईला घेऊन देहूस निघाले. आम्हाला या चरित्रातला मोठा चमत्कार हाच वाटतो. मेलेले वासरू उठले नाही, पण जिता मनुष्य पालटला.

देहूस तुकोबारायांचे प्रत्यक्ष दर्शन झाले. राहायला थोडीशी जागा, पोटाला पुन्हा भिक्षाच, आणि रोजचे कीर्तन. मंबाजीचा छळ तेथेही होता. त्यांनी यांची गाय बांधून मारली तेव्हा वळ तुकोबांच्या पाठीवर उठले, असे बहिणाबाई सांगतात. पण या वेळी घर आतून फुटले नाही, नवराबायको एका विचाराची होती. तेथेच त्यांना मुलगी झाली. तिचे नाव काशीबाई. जी स्वतः भिक्षेच्या अन्नावर वाढली तिच्या मांडीवर आता आपले लेकरू होते. वैभव तेव्हाही नव्हते. धाक मात्र गेला होता.

तुकोबा १६५० साली वैकुंठाला गेले. पुढे हे कुटुंब शिऊरला स्थिर झाले. मुलगा झाला, त्याचे नाव विठ्ठल ठेवले. अखेरच्या दिवसांत बहिणाबाईंनी त्याच मुलाला जवळ बसवून आपल्या मागल्या बारा जन्मांची हकिकत सांगितली. लेकाला द्यायला त्यांच्यापाशी सोनेनाणे नव्हते, ही हकिकत आणि हे अभंग होते. १७०० साली, वयाच्या ७२ व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. वैजापूर तालुक्यात शिऊर येथे त्यांची समाधी आहे. वाट वाकडी करून दर्शन घ्यावे असे ते स्थान आहे.

तात्पर्य काय, तर मिळकत थोडी असली तर असू द्या, ती वाढेल तेव्हा वाढेल. लेकराला बरोबर घेऊन देवळात जा, शेतात जा, चांदण्यात ओट्यावर बसून एक गोष्ट सांगा. घरात शेळीचे करडू असो की दारचे कुत्रे, त्याने जीव लावला तर त्याला हाकलू नका. आणि बाहेरचा अपमान, बाजारातला राग, कर्जाची चिंता उंबऱ्याबाहेर झटकून मग आत पाऊल टाका. कोणाच्या घरात कोणते वासरू कोणाच्या मागे चालते आहे, ते आपल्याला ठाऊक नसते.

रामकृष्णहरी.