कॉलऱ्यावर संशोधन करणाऱ्या डॉक्टरने भारतभर तारांचं नेटवर्क उभं केलं होतं

मोलगीचा बाजार. सातपुड्यातल्या पाड्यावरून आमचूर विकायला आलेला माणूस व्यापाऱ्याच्या फोनकडे बघत उभा आहे. पैसे पाठवले, पण स्क्रीनवर नुसतं गोल गोल फिरतंय. रेंज गेली. आता बँकेचा सर्व्हर कितीही भारी असू दे, वाट तुटली की सगळं ठप्प.

ही डोकेदुखी आजची नाही. भारतात ती सगळ्यात आधी ज्याच्या वाट्याला आली, तो गडी इंजिनियर नव्हे तर डॉक्टर होता. नाव विल्यम ओशॉनेसी.

जन्म १८०९ चा, आयर्लंडमधल्या लिमरिकचा. डॉक्टरकी शिकला एडिंबरात. १८३१-३२ मध्ये ब्रिटनमध्ये कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा त्याने रुग्णांचं रक्त तपासलं. शरीरातलं पाणी आणि क्षार निघून जातात, हे त्याने दाखवलं. आजच्या सलाईनचा पाया इथलाच.

१८३३ मध्ये तो कंपनीच्या नोकरीत भारतात आला आणि पुढे कलकत्ता मेडिकल कॉलेजात केमिस्ट्री शिकवू लागला. १८३९ मध्ये त्याने कलकत्त्याजवळ बांबूंवर तार बांधून संदेश पाठवून दाखवला. पण सरकारने लक्षच दिलं नाही. पुढे डलहौसी गव्हर्नर जनरल झाला आणि चक्रं फिरली. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर लाईन सुरू झाली.

आता इथली अडचण बघा. वादळी वारे, नद्या, तारेवर लोंबकळणारी माकडं, रांगेने बसणारे पक्षी. युरोपातली बारीक तार इथे टिकणार कशी? म्हणून त्याने थेट जाड लोखंडी सळई वापरली. बिघाड होणारच, हे धरूनच त्याने आखणी केली.

नोव्हेंबर १८५३ मध्ये मोठं काम सुरू झालं. २४ मार्च १८५४ ला आग्र्याहून कलकत्त्याला पहिला संदेश गेला. १८५५ च्या फेब्रुवारीत कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास जोडणारी तार लोकांसाठी खुली झाली. १८५६ मध्ये तो 'सर' झाला.

खरी परीक्षा झाली मे १८५७ मध्ये. १० मे रोजी मेरठमध्ये उठाव झाला आणि दिल्ली-मेरठ तार तुटली. पण दिल्लीहून अंबाल्याला जाणारी दुसरी तार शाबूत होती. ११ मे रोजी तिच्यावरून इशारा गेला, पुढे लाहोरला पोहोचला आणि १३ तारखेला तिथल्या हिंदी शिपायांची शस्त्रं काढून घेतली गेली. तारेची ताकद उठाववाल्यांनीही ओळखली होती. त्यांनी पुढे शेकडो मैल तार उखडून टाकली.

ओशॉनेसी १८८९ मध्ये इंग्लंडमध्ये वारला. मात्र त्या दोन तारांचा धडा आजही तोच आहे.

क्लाउड म्हणजे काय, तर कुठल्यातरी इमारतीतले कॉम्प्युटर. म्हणून चांगलं ॲप निदान दोन वेगळ्या इमारतींत चालवतात. वीज वेगळी, केबल वेगळी. एक बंद पडली की दुसरी काम उचलते. सुरक्षेसाठी बाहेरच्यांना फक्त पुढचं दार उघडं असतं. डेटा आतल्या खोलीत, कुलूपबंद.

२०१० मध्ये देशातला पहिला आधार क्रमांक याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभलीत दिला गेला. तेव्हापासून रेशनपासून बँकेपर्यंत सगळं नेटवर्कला बांधलं गेलं. पण शहरात दोन दोन सर्व्हर ठेवून सातपुड्यात वर जाणारी वाट एकच ठेवली, तर आमचूर विकणाऱ्यासाठी ती व्यवस्था अर्धीच.