केशवराव भोसले

केशवराव विठ्ठल भोसले (९ ऑगस्ट, १८९० - ४ ऑक्टोबर, १९२१) हे मराठी संगीत रंगभूमीवरील नामवंत गायक-अभिनेते आणि ललितकलादर्श नाटक मंडळीचे संस्थापक होते. ते ‘संगीतसूर्य’ या उपाधीने ओळखले जातात.

जीवन

केशवरावांचा जन्म कोल्हापूर येथे झाला. लहानपणीच वडिलांचे छत्र हरपल्यामुळे व घरच्या गरिबीमुळे ते बालवयात स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले. गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत शारदा’ या बाला-जरठ विवाहावरील नाटकात त्यांनी केलेली शारदेची भूमिका विशेष गाजली. संगीताची तालीम त्यांना रामकृष्णबुवा वझे यांच्याकडून मिळाली. उंच स्वरातील जोरकस गायन आणि वेगवान ताना ही त्यांची वैशिष्ट्ये होती.

ललितकलादर्श

१ जानेवारी, १९०८ रोजी हुबळी येथे केशवरावांनी ललितकलादर्श मंडळीची स्थापना केली. त्या वेळी त्यांचे वय १७ वर्षांचे होते. नायक-गायक आणि मालक अशी दुहेरी जबाबदारी त्यांनी अखेरपर्यंत सांभाळली. अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांच्या ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ या नाटकात त्यांनी मृणालिनीची भूमिका केली. मामा वरेरकर यांचे हुंड्याच्या प्रश्नावरील ‘हाच मुलाचा बाप’ हे नाटकही या मंडळीने रंगभूमीवर आणले.

संयुक्त मानापमान

टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी ८ जुलै, १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला नाट्यगृहात ललितकलादर्श व गंधर्व या दोन मंडळींनी ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग केला. केशवराव धैर्यधराच्या, तर बालगंधर्व भामिनीच्या भूमिकेत होते. व्यावसायिक चढाओढ असलेल्या दोन मंडळींचे मालक राष्ट्रकार्यासाठी एकाच रंगमंचावर आले, हे या प्रयोगाचे महत्त्व होय. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच केशवरावांचे विषमज्वराने निधन झाले.

वारसा

एका नटाच्या कीर्तीवर उभ्या असलेल्या अनेक नाटक मंडळ्या त्या नटाबरोबरच लयाला गेल्या. ललितकलादर्श मात्र टिकली. बापूराव पेंढारकर यांनी व त्यांच्यानंतर त्यांचे पुत्र भालचंद्र पेंढारकर यांनी ती चालवली. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या पॅलेस थिएटरला पुढे केशवरावांचे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट, २०२४ रोजी, त्यांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, हे नाट्यगृह आगीत भस्मसात झाले.